आलवडीचा कोरा कोपरा

आलवडीचे लाल लुगडे हातात घेतले की परगावचे गिऱ्हाईक आधी नाक मुरडते. रंग एवढा सुरेख, भर उन्हात धरला तरी डोळ्यांना न टोचणारा, आणि एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा तशीच पांढरी. गिऱ्हाईक म्हणते, डागी माल आहे, भाव कमी करा. दुकानदार भाव कमी करत नाही. तो कोपरा नसेल तर ते लुगडे आलवडीचे नव्हे, एवढेच सांगतो आणि घडी घालून ठेवतो. आमची माणसे हट्टी आहेत हे मान्यच आहे, पण या एका बाबतीत त्यांना बोल लावण्याआधी हा हौद नीट पाहून घ्या.

तुम्ही उभे आहात तो उत्तरेचा चौथरा. जुन्या काळी इथे न्यायनिवाडा होत असे. समोर पायऱ्या उतरतात, त्यातली पाण्यालगतची तिसरी पायरी जराशी खचलेली दिसेल. तिच्यावर बसायचे तर खुशाल बसा, कुणी हटकणार नाही. मात्र आलवडीचा माणूस तिथे बसलेला तुम्हाला दिसणार नाही. पलीकडे ती रंगाऱ्यांची आळी, आणि आळीतले हौदाच्या अगदी तोंडावरचे, आता नुसते जोते उरलेले घर, ते सोनाईचे.

सोनाईच्या काळी आलवडी हे सुलतानाच्या मुलखातले मोठे ठाणे होते. ठाण्याचा अंमलदार मीर फरीदून थेट इराणातून आलेला. माणूस लाच न खाणारा, खोटे न बोलणारा, आणि न्यायाच्या बाबतीत तर नको इतका काटेकोर. लहानपणापासून इराणच्या राजांच्या गोष्टी ऐकून त्याचे डोके भरलेले होते. त्या गोष्टींत राजा कुणाला मारण्याचा हुकूम देणार असेल तर म्हणे आधी लाल जामा अंगात घाली. दरबारात राजा लाल कपड्यात आला की लोकांनी ओळखावे, आज रक्त सांडणार. मीरने तीच रीत इथे सुरू केली. चौथऱ्यावर चामडे अंथरायचे, त्यावर रक्त शोषायला वाळू पसरायची, मीरने लाल जाम्यात येऊन बसायचे. मग मेलेल्याच्या वारसाला तीन वेळा विचारायचे, रक्त घेतोस की सोडतोस? वारस जे म्हणेल ते होई. त्यात मीर स्वतः कधी पडत नसे, आणि आपण पडत नाही याचा त्याला फार अभिमान होता.

त्याच्या आवडीची एक गोष्ट तो दर शुक्रवारी इथे जमलेल्यांना सांगत असे. एका राजाने रागाच्या भरात मृत्यूचा हुकूम लिहिला, पण कागदावरची शाई काही केल्या वाळेना. उन्हात ठेवली, विस्तवावर धरली, वर्ष लोटले, तरी ओली ती ओलीच. इथवर सांगून मीर थांबे. पुढे काय झाले असे कुणी विचारलेच, तर म्हणे, पुढचे ज्याने त्याने समजावे. लोक घरी जाऊन आपापल्या बुद्धीप्रमाणे समजत, आणि बरेचसे विसरून जात.

सोनाईला असल्या गोष्टींना वेळ नव्हता. नवरा तरुणपणीच गेला, मागे एकुलता एक म्हाळू. आल नावाच्या झुडपाच्या मुळ्या कुटून, त्या तांब्याच्या हंड्यात कढवून लाल रंग काढायचा, हा आळीचा पिढीजात धंदा. सगळ्या आळीत सोनाईच्या हाताला येई तसा लाल कुणाच्या हाताला येत नसे. मात्र वर्षानुवर्षे वाफेवर वाकून तिची नजर अधू झाली होती. कापड बुडवायची ती, आणि वरून त्याचा एक कोपरा धरून उभा राहायचा म्हाळू. कोपरा कोरा ठेवायचा, म्हणजे शेजारी रंग किती चढला ते कळते. मनासारखा चढला की म्हाळू कापड वर ओढी आणि म्हणे, "पुरे, आई." मग कोपरा तेवढा शेवटी बुडवायचा. तो नसता तर सोनाई बुडवतच राहिली असती. हात उत्तम, पण थांबणे तिला ठाऊक नव्हते. म्हाळूच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी हंड्याला भाजून आत वळली होती, त्यामुळे कोपरा बुडवेपर्यंत त्यावर तीन बोटे सरळ आणि चौथे आखूड असा त्याचा ठसा दिसे. आई त्यावरून त्याची थट्टा करी.

हौदाचे पाणी पिण्यालाही लागे आणि कापड धुवायलाही. पूर्वेची बाजू पिण्याची, पश्चिमेची रंगाऱ्यांची, अशी वाटणी होती. ती कागदावरच होती म्हणा ना. रंगारी आपल्या सोयीने वाटेल तिथे धूत, आणि पाणी लाल झाले की दावल पखाली ओरडे. दावल हा ठाण्याला पाणी पुरवणारा. चामड्याची पखाल रेड्यावर लादून दिवसातून आठ खेपा करी. त्याची रोजची तक्रार एकच, पाणी लाल झालंय. आळीतली पोरेसोरे त्याला पाहून आधीच ते वाक्य म्हणत आणि हसत.

एके दिवशी सकाळी मीरच्या घरी लालसर पाणी पोहोचले. नमाजाच्या आधी हातपाय धुवायला घेतलेले पाणी असे पाहून मीरने, नियम म्हणजे नियम, दावलला पाच फटके मारवले. पाठ सोलून घेऊन दावल हौदावर आला तेव्हा भर दुपार होती आणि तिसऱ्या पायरीवर, अगदी पिण्याच्या बाजूला, म्हाळू कापड पिळत बसला होता. बोलाचाली झाली. म्हाळू हसला, असे सांगतात. दावलच्या हातात पखालीचे ओझे तोलायचा दांडा होता. त्याने तो घातला तो म्हाळूच्या कानशिलावर बसला, आणि म्हाळू न ओरडता पाण्यात गेला.

दावलला पोहता येत नव्हते. हौद खोल. तो धावत सुटला, आणि पहिले दार लागले ते सोनाईचे.

"मावशी," तो म्हणाला, "पाणी लाल झालंय. बघ ना चल, पाणी लाल झालंय."

त्याच्या तोंडून पुढचे शब्द फुटेनात. सोनाईचा हंडा ऐन कढावर होता.

"अरे, लाल नाही तर काय हिरवं होणार?" ती म्हणाली. "रोजचंच मेलं तुझं रडगाणं. जा, दुसरीकडे भर."

तरी तिने मान वळवून पाहिले. दारातून हौद दिसत होता आणि पाण्यात लाल पसरत चालला होता. तिला वाटले, म्हाळूने तुरटी कमी घातली, रंग सुटतोय. तिने बसल्या जागेवरून हाक मारली, "तुरटी कमी पडली का रे?" उत्तर आले नाही. ती पुन्हा हंड्याकडे वळली. दावल आणखी चार दारी गेला. चारही दारी लोकांनी पाण्याकडे पाहिले, रंगच तो, असे म्हटले, आणि हसले. आयुष्यभर लाल पाणी पाहिलेली माणसे ती. दुसऱ्या कुठल्याही गावात असे पाणी पाहून लोक धावले असते.

शेवटी दावल एकटाच परत गेला, पायरीला धरून गळ्याइतक्या पाण्यात उतरला आणि चाचपडत त्याने म्हाळूला वर काढले. मग पळून न जाता त्याच्या उशाशी बसून राहिला. सोनाईचा हंडा उतरला तेव्हा ती हौदावर आली.

मीरसमोर दावल एवढेच म्हणाला, "मी मारलं." दारोदार गेल्याचे त्याने सांगितले नाही. सोनाई समोरच उभी होती. सांगितले असते तर पोराच्या रक्ताकडे पाहून आईने तुरटी विचारली, हे साऱ्या ठाण्याला कळले असते. सोनाईला कळत होते तो का गप्प आहे, आणि त्यामुळे तिला त्याचा अधिकच राग आला. हा माणूस जिवंत आहे तोवर ती दुपार जिवंत राहील, असे तिला वाटले. आळीतली चार दारेही मुकाट राहिली.

"मला रक्त पाहिजे," सोनाई म्हणाली.

मीरने मान डोलावली. पण त्याच्या लाल जाम्याला कसर लागली होती, आणि फाटक्या जाम्यात न्याय करणे त्याच्या नियमात बसत नव्हते. त्याने पांढरा नवा जामा शिवून सोनाईकडे पाठवला. वारसाच्या हातानेच रंगावा, तिच्याइतका लाल कुणाला येत नाही, असा निरोप दिला. जामा तयार होईपर्यंत दावलला ठाण्याच्या कोठडीत ठेवले.

सोनाईने जीव ओतून रंग कढवला. कोपरा धरायला आता कुणी नव्हते म्हणून तिने जामा पुरताच हंड्यात सोडला. अंदाजाने वेळ भरू दिला. बाहेर काढून उन्हात धरला तर सगळा जामा लाल, आणि खालच्या घेराचा एक कोपरा पांढराफेक.

तिला वाटले, तिथे तेल लागले असेल. दुसऱ्या दिवशी तिने तो कोपरा एकटाच रंगात घातला आणि काठीने दाबून धरला. काठीखालून कापड वर ओढले जात होते. वाफेने फुगून वर येते तसे नव्हे; हंड्यापलीकडे कुणी उभे राहून, घाई न करता, सवयीने ओढावे तसे. तिने काठीवर अंगाचा भार टाकला. बाहेर काढला तेव्हा कोपरा कोराच होता. तिसऱ्या दिवशी तिने रंगाचा घट्ट गाळ हातात घेऊन कोपऱ्यावर चोळला. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले. पाण्यात खळबळताच गाळ निघून गेला आणि पांढरी जागा वर आली. आता तिचा आकार स्पष्ट दिसत होता. तीन बोटे सरळ, चौथे आखूड.

सोनाई तो जामा मांडीवर घेऊन बसली. आळीतल्या बाया येऊन पाहून गेल्या. त्यांचे म्हणणे पडले, पोराचा आत्मा तळमळतोय, रक्त मिळाल्याशिवाय तो कापड सोडायचा नाही. सोनाईलाही तेच पटले. तिला तेच पटवून घ्यायचे होते. ती त्या पांढऱ्या जागेवर हात ठेवून म्हणाली, "थांब बाळा, देते तुला." कापड तिच्या हाताखाली गार होते, दिवसभर उन्हात असूनही.

ठरल्या दिवशी आळीतले सगळे हंडे बंद होते. एकही कापड हौदावर नव्हते. पाणी इतके नितळ होते की तळाच्या फरश्या मोजाव्यात. चौथऱ्यावर चामडे अंथरले, वाळू पसरली, दावलला गुडघ्यांवर बसवले. मीरने जामा घातला. कोरा कोपरा त्याने पाहिला होता. त्या गोष्टी त्याला पाठ होत्या आणि त्यांत असा जामा कुठेच नव्हता. पण नियमाने जामा लाल होता. त्याने तो कोपरा मुठीत दुमडून धरला आणि सोनाईला विचारले, "बाई, रक्त घेता की सोडता?"

"घेते," ती म्हणाली.

त्याने दुसऱ्यांदा विचारले. ती पुन्हा म्हणाली, "घेते."

तिसऱ्यांदा विचारताना मीरने हात पुढे केला आणि मुठीतला कोपरा सुटून खाली लोंबला. वारा नव्हता, तरी तो कोपरा हलला, हौदाच्या बाजूला ताणला गेला आणि तसाच राहिला. लोकांनी तिकडे पाहिले. तिसऱ्या पायरीपाशी पाणी लाल होत होते.

पाण्यात कापड नव्हते, माणूस नव्हता, आणि लाल पायरीपासून निघून सावकाश आत पसरत होता. ज्याची मान खाली होती तो दावलच तेवढा ओरडला.

"मावशी, पाणी लाल झालंय! कुणीतरी बघा रे, पाणी लाल झालंय!"

मान तलवारीखाली असताना तो हे ओरडला. स्वतःसाठी त्याने आजवर तोंड उघडले नव्हते.

या वेळी सोनाई धावली. पायऱ्या उतरली, पाण्यात शिरली, गळ्यापर्यंत गेली आणि दोन्ही हातांनी पाणी चाचपू लागली. तिच्या हाताला काही लागत नव्हते. ती आणखी पुढे सरकली, तळ सुटला, नाकातोंडात पाणी गेले, तरी ती चाचपतच राहिली. थांबणे तिला ठाऊक नव्हते. तेव्हा तिच्या लुगड्याचा पदर पाण्यावर मागे ओढला गेला. कुणी त्याचा कोपरा धरला होता. आणि अगदी कानाशी, हंड्याशी रोज ऐकू यायचे तेवढ्याच हळू आवाजात, तिला ऐकू आले, "पुरे, आई."

पदराच्या ओढीने ती पायरीला लागली. वर आली ती ओल्या अंगाने चौथऱ्यावर गेली आणि तिने सगळे सांगून टाकले. दावल दारात आला होता. तिने स्वतः पाणी पाहिले होते. आणि तुरटी विचारली होती. "यानं एकदा मारलं," ती म्हणाली, "आणि मग वाचवायला पाच दारं फिरला. आम्ही पाचांनी बसल्या जागेवरून मरू दिलं. साहेब, रक्त घ्यायचं तर कुणाकुणाचं घेता?"

आळीतली चार घरे खाली पाहू लागली. मीरला त्या सकाळचे पाच फटके आठवले असावेत, कारण त्याने दावलच्या पाठीकडे पाहिले, तिथे खपल्या अजून होत्या. मग म्हणे त्याने आपली ती शाईची गोष्ट पहिल्यांदा शेवटपर्यंत सांगितली. तो राजा हुकुमाचा कागद घेऊन स्वतः नदीवर गेला आणि शाई धुऊन टाकली. एवढेच होते पुढे. ते सांगायची मीरला लाज वाटत असे, कारण राजाने आपली चूक होती असे कबूल केले, ते त्याला राजाला शोभेसे वाटत नव्हते.

त्याने जामा उतरवला, पायऱ्या उतरून गेला आणि तो पाण्यात धरला. आलीचा लाल एकदा बसला की सुटत नाही, कापड फाटते पण रंग जात नाही. त्या दिवशी तो सुटला. हौद तीन दिवस लाल होता आणि जामा पांढरा होऊन निघाला. काही जण सांगतात, तेव्हा तो पंजाच तेवढा लाल उठला होता. माझा आजा म्हणे, तसे काही नाही, सगळाच पांढरा झाला. मला आज्याचे पटते.

सोनाईने दावलचे रक्त सोडले, पण अट घातली. त्याने आयुष्यभर या हौदावर राहायचे, आणि पाणी लाल दिसले की दर वेळी ओरडून विचारायचे, "कोण आहे?" धुणाऱ्याने उत्तर द्यायचे, "रंग आहे." उत्तर येईपर्यंत आळीने हातातले काम सोडून उभे राहायचे. दावलने एकतीस वर्षे हे केले. रोज तो सोनाईच्या दारात पाण्याची घागर ठेवून जाई. ती ते पाणी घेई, पण त्याच्याशी बोलत नसे. रक्त सोडणे वेगळे आणि बोलणे वेगळे. अखेरच्या दुखण्यात तिने एकदा दारातल्या दावलला विचारले, "आज कसं आहे रे पाणी?" तो म्हणाला, "नितळ आहे, मावशी." तेवढेच दोघांचे बोलणे झाले, असे सांगतात.

मरेपर्यंत तिने रंगवलेल्या प्रत्येक कापडाला कोरा कोपरा राहिला. पुढे आपोआप राहणे बंद झाले, तेव्हा आळीने तो मुद्दाम ठेवायला सुरुवात केली.

आता आलीचे हंडे गेले. दोन घरे उरलीत, तीही पुडीचा रंग वापरतात आणि कापड नळावर धुतात. पण आजही कोपरा कोरा ठेवतात. आजही हौदात कधी लाल पसरलेला दिसला, तर ज्याला दिसेल तो ओरडतो, "कोण आहे?" हातात लग्नाच्या अक्षता असोत की भाकरीचा घास, आळी उभी राहते. तुम्हालाही दिसले तर फोटो मागाहून काढा, आधी विचारा. बहुतेक वेळा पलीकडून कुणीतरी कंटाळून सांगते, "रंग आहे, रंग आहे." कधीकधी मात्र हौदावर कुणीच नसते आणि उत्तर येत नाही. मग आम्ही धावतो, पाण्यात उतरतो आणि चाचपतो. हाताला काहीच लागत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी कुणाच्या तरी कपड्याचा कोपरा मागून ओढला जाईपर्यंत आम्ही बाहेर येत नाही.